फवारणीची नोंद क्लाऊडवर ठेवताना

(द्राक्ष बागायतदार व त्यांच्या घरातील संगणक शिकलेल्या मुलामुलींसाठी झालेल्या एका मेळाव्यातील भाषण, आवश्यक ते संपादन करून येथे देत आहोत.)



द्राक्ष तोडणीला आले की बागेत येणारा प्रत्येक माणूस आपल्याला एकच प्रश्न विचारतो. निर्यातदाराचा माणूस विचारतो, नमुना घेणारा विचारतो आणि खात्याचे अधिकारीही विचारतात, "या प्लॉटवर शेवटची फवारणी कधी केली आणि कशाची केली?" या प्रश्नाचे उत्तर तोंडी देऊन आता भागत नाही. ते लिहिलेले असावे लागते.

याचे कारण आपणा सर्वांना ठाऊक आहे. युरोपीय देशांत प्रत्येक कीडनाशकाच्या अंशाची कमाल मर्यादा ठरलेली आहे. ज्या औषधासाठी स्वतंत्र मर्यादा दिलेली नाही, त्याला किलोस ०.०१ मिलिग्रॅम ही सर्वसाधारण मर्यादा लागू होते. सन २०१० मध्ये आपल्या द्राक्षांत क्लोरमेक्वाट क्लोराईड, म्हणजे आपण ज्याला सीसीसी म्हणतो त्या वाढनियंत्रकाचे अंश तेथील मर्यादेपेक्षा जास्त आढळले. त्याचा मोठा फटका बागायतदार आणि निर्यातदार या दोघांनाही बसला. निर्यातीच्या मालाचा माग थेट बागेपर्यंत लावता यावा म्हणून अपेडाने ग्रेपनेट ही संगणकीय व्यवस्था २००६ पासूनच सुरू केलेली आहे. परंतु ग्रेपनेटमध्ये जी माहिती जाते, तिचा उगम आपल्या बांधावर आहे. तेथे फवारणीची नोंद चुकली तर पुढचा कोणताही संगणक ती दुरुस्त करू शकत नाही.

आज मी ती नोंद स्वतः तयार केलेल्या आज्ञावलीतून क्लाऊडवर कशी ठेवावी, याविषयी बोलणार आहे. आपल्यापैकी अनेकांच्या घरी संगणक शिकलेला मुलगा किंवा मुलगी आहे. आठ-पंधरा दिवसांच्या प्रयत्नात त्यांना असा छोटा प्रोग्रॅम तयार करता येतो. मात्र काही गोष्टी आधी समजून घेतल्या नाहीत तर नुकसान होते. ते मी स्वतः करून बसलो आहे, तेही पुढे सांगणार आहे.

क्लाऊड म्हणजे काय?

क्लाऊड म्हणजे ढग. प्रत्यक्षात आभाळात काहीही नसते. मोठ्या इमारतींत हजारो संगणक बसविलेले असतात. त्यांतील जागा आपण इंटरनेटवरून वापरतो. याची तुलना शीतगृहाशी करता येईल. माल आपला, जागा त्यांची आणि पावती आपल्या हातात. माल कोणत्या रॅकवर ठेवला, वीज गेल्यावर जनरेटर कोणी लावला, हे शीतगृहवाला पाहतो. पेटीवर लेबल बरोबर लावणे मात्र आपले काम आहे. लेबल चुकले तर शीतगृह कितीही चांगले असले तरी आपली पेटी सापडत नाही.

उदाहरणासाठी मी गूगलची फायरस्टोअर ही सेवा घेतो. अशा सेवा इतर कंपन्यांच्याही आहेत. त्यांतील शब्द वेगळे असले तरी येथे सांगितलेली सावधगिरी सगळीकडे कामाला येते. फायरस्टोअरमध्ये माहिती ठेवण्याची रचना सोपी आहे. सर्वांत वर एक कप्पा असतो. त्याला आपण "फवारणी" असे नाव देऊ. कप्प्यात नोंदी असतात. प्रत्येक नोंदीत रकाने असतात आणि प्रत्येक नोंदीला स्वतःचा एक ओळख क्रमांक असतो. एका कप्प्यात एकाच ओळख क्रमांकाच्या दोन नोंदी राहू शकत नाहीत. हे वाक्य कृपया लक्षात ठेवावे. पुढील सर्व भानगड यातूनच निर्माण होते.

नोंदीत कोणते रकाने असावेत?

फवारणीच्या एका नोंदीत पुढील रकाने पुरेसे आहेत.

१) प्लॉटचा नोंदणी क्रमांक. निर्यातीसाठी नोंदविलेला असेल तर तोच वापरावा.

२) फवारणीची तारीख आणि वेळ.

३) औषधातील क्रियाशील घटकाचे नाव आणि बाटलीवरील व्यापारी नाव, दोन्ही वेगळ्या रकान्यांत.

४) बाटलीवरील बॅच क्रमांक.

५) मात्रा, पाण्याचे प्रमाण आणि फवारलेले क्षेत्र. एकक एकदाच ठरवावे. कधी मिलिलिटर व कधी ग्रॅम असे असेल तर एककाचा वेगळा रकाना ठेवावा.

६) फवारणीचे कारण, उदाहरणार्थ भुरी, केवडा, थ्रिप्स.

७) शिफारशीनुसार काढणीपूर्व प्रतीक्षा काळ, दिवसांत.

८) फवारणी कोणी केली.

औषधाचे नाव हाताने टाईप करू देऊ नये. त्याची यादी करून तीतूनच निवडण्याची सोय ठेवावी. एकाने ऱ्हस्व लिहिले, दुसऱ्याने दीर्घ लिहिले, तिसऱ्याने शेवटी एक मोकळी जागा सोडली, तर आपल्याला ते एकच औषध वाटते. संगणकाला मात्र ती तीन वेगळी औषधे दिसतात. मग "हे औषध शेवटचे कधी मारले?" असे विचारल्यावर तो एकाच नावाखालील नोंदी दाखवितो आणि बाकीच्या वगळतो.

आज्ञावली नोंद कशी तयार करते?

प्रोग्रॅममध्ये हे काम पाच पायऱ्यांत होते. पहिली पायरी, क्लाऊडशी जोडणी करून वापरणाऱ्याची ओळख पटविणे. दुसरी, पडद्यावर भरलेली माहिती गोळा करणे. तिसरी, ती तपासणे. म्हणजे तारीख पुढची तर नाही ना, मात्रा शून्य तर नाही ना, प्लॉट आपल्याच यादीतला आहे ना, हे पाहणे. चौथी, नोंदीला ओळख क्रमांक देऊन ती पाठविणे. पाचवी, नोंद पोहोचली असा क्लाऊडचा होकार येईपर्यंत तिच्यावर "पाठवायची बाकी" अशी खूण ठेवणे.

चौथ्या पायरीसाठी फायरस्टोअरमध्ये मुख्यतः दोन आज्ञा आहेत. एकीचे नाव ॲड. ती दिली की नोंदीला नवा ओळख क्रमांक आपोआप मिळतो. दुसरी सेट. तिच्यात ओळख क्रमांक आपण सांगायचा असतो. त्या क्रमांकाची नोंद आधी नसेल तर नवी तयार होते. असेल तर जुनी संपूर्ण जाऊन तिच्या जागी नवी बसते. जुने रकाने राखून फक्त दिलेले रकाने बदलायचे असतील तर सेटबरोबर मर्ज असे वेगळे सांगावे लागते. सेवा असे करताना "जुनी नोंद पुसू का?" असे विचारत नाही. तिला सांगितले तेवढे ती करते.

माझ्या हातून झालेली चूक

माझ्या घरी तीन प्लॉटची द्राक्षबाग आहे. वडील फवारणीची नोंद वहीत ठेवीत. मी हौसेने प्रोग्रॅम केला आणि त्यात सेट ही आज्ञा वापरली. ओळख क्रमांक म्हणून प्लॉटचा क्रमांक दिला. मला वाटले, प्लॉटवार नोंद ठेवायची आहे, तर हेच सोयीचे. ऑक्टोबरच्या छाटणीपासून आम्ही फवारणी झाली की मोबाईलवर नोंद करीत होतो. प्रत्येक वेळी "नोंद झाली" असे हिरव्या अक्षरांत दिसायचे. मी निश्चिंत होतो.

तोडणीच्या आधी निर्यातदाराचा माणूस आला. मी त्याच्यासमोर मोबाईल उघडला. तीन प्लॉट होते आणि नोंदी तीनच होत्या. प्रत्येक नव्या फवारणीने त्या प्लॉटची आधीची फवारणी पुसली होती. चार महिन्यांची नोंद गेली होती. दोष सेवेचा नव्हता, माझा होता.

वडील काही बोलले नाहीत. घरात जाऊन वही घेऊन आले. मी मोबाईलवर लिहितो म्हणून त्यांनी वही बंद केली नव्हती. वहीत बहुतेक सगळे मिळाले. परंतु एका प्लॉटच्या दोन तारखा फवाऱ्याच्या पाण्याने पुसट झाल्या होत्या. त्यांतील एका औषधाचा प्रतीक्षा काळ मोठा होता. तारीख खात्रीने सांगता येईना, म्हणून जी सर्वांत उशिराची असू शकेल ती धरली आणि तोडणी नऊ दिवस पुढे गेली. त्या नऊ दिवसांत दर उतरला. माल चांगला होता, बाग चांगली होती. नुकसान झाले ते केवळ नोंदीमुळे.

यावरून मी एक नियम केला. प्लॉट ही जागा आहे, फवारणी ही घटना आहे. नोंद घटनेची करावयाची असते. म्हणून प्रत्येक फवारणीला तिचा स्वतंत्र ओळख क्रमांक हवा. प्लॉटचा क्रमांक हा नोंदीतील एक रकाना असतो. तो नोंदीची ओळख नसतो.

एकाच टाकीत दोन औषधे मिसळली असतील तर दोन नोंदी कराव्यात, कारण प्रत्येक औषधाचा प्रतीक्षा काळ वेगळा असतो. दोन्हींत फवारणीचा एकच क्रमांक लिहावा. अशा जोडनोंदी पाठविण्यासाठी बॅच नावाची सोय आहे. तिच्यातून पाठविलेल्या नोंदी एक तर सगळ्या जातात किंवा एकही जात नाही. अर्धी माहिती मागे राहण्याचा धोका त्यामुळे टळतो.

बागेत नेटवर्क नसेल तर?

हा प्रश्न तुमच्या मनात आलाच असेल. फायरस्टोअरची मोबाईलवरील व्यवस्था नेटवर्क नसताना नोंद फोनमध्येच धरून ठेवते आणि नेटवर्क आल्यावर पाठविते. ही चांगली सोय आहे, पण तिच्यात दोन खाचखळगे आहेत.

पहिला असा. नेटवर्क नसताना क्लाऊडचा होकार येत नाही. प्रोग्रॅम त्या होकाराची वाट पाहत पडदा अडवून बसला, तर माणसाला वाटते की नोंद झालीच नाही. तो पुन्हा बटण दाबतो. ॲड ही आज्ञा वापरली असेल तर प्रत्येक दाबण्याला नवा क्रमांक मिळतो आणि एका फवारणीच्या दोन-तीन नोंदी होतात. कागदावर मग आपण एकच औषध एका दिवशी तीनदा मारलेले दिसते.

यावर उपाय सोपा आहे. कोरा फॉर्म उघडतानाच ओळख क्रमांक तयार करून ठेवावा. तो फोनवरच तयार होतो, त्यासाठी नेटवर्क लागत नाही. नंतर सेट या आज्ञेने त्याच क्रमांकावर नोंद पाठवावी. बटण पाच वेळा दाबले तरी क्रमांक एकच असल्याने नोंद एकच राहते. ज्या आज्ञेने माझ्या नोंदी पुसल्या, तीच आज्ञा क्रमांक योग्य दिला तर दुबार नोंद टाळते. बटण दाबल्याबरोबर पडदा मोकळा करावा आणि नोंदीपुढे "पाठवायची बाकी" असे दाखवावे. होकार आला की ती खूण काढावी.

दुसरा खाचखळगा असा की, न पाठविलेली नोंद फक्त त्या एका फोनमध्ये असते. नोंद पोहोचण्याआधी ॲप काढून टाकले, त्यातील माहिती साफ केली किंवा फोन विहिरीत पडला, तर ती गेली. म्हणून संध्याकाळी घरी आल्यावर बाकी शून्य झाली की नाही, हे पाहण्याची सवय लावावी.

तारीख आणि अंक

काढणीपूर्व काळ तारखेवरून मोजला जातो, म्हणून येथे विशेष काळजी घ्यावी. समजा, एका औषधाचा प्रतीक्षा काळ ३० दिवस आहे आणि फवारणी १२ जानेवारीला झाली. तर ११ फेब्रुवारीपूर्वी तोडणी करता येत नाही. हा हिशेब प्रोग्रॅम क्षणात करतो. पण त्यास तारीख बरोबर मिळाली पाहिजे.

आपण तारीख लिहिताना आधी दिवस, मग महिना, मग वर्ष लिहितो. ती जशीच्या तशी अक्षरांच्या रूपात साठविली तर संगणक ती डावीकडून वाचून क्रम लावतो. मग ०५-०२-२०२५ ही तारीख २८-०१-२०२५ च्या आधी लागते, कारण शून्य दोनच्या आधी येते. "शेवटची फवारणी कोणती?" या प्रश्नाला २८ जानेवारी हे उत्तर मिळते. प्रत्यक्षात शेवटची फवारणी ५ फेब्रुवारीची आहे. आठ दिवसांची ही चूक माल नाकारला जाण्यास पुरेशी आहे. म्हणून साठविताना आधी वर्ष, मग दोन अंकी महिना, मग दोन अंकी दिवस असा क्रम ठेवावा. पडद्यावर दाखविताना आपल्या पद्धतीने दाखवावे.

काही जण सांगतील की तारीख आणि वेळ यांसाठी खास प्रकारचा रकाना असतो, तो वापरा. तो जरूर वापरावा, पण एक गोष्ट ध्यानात ठेवावी. क्लाऊडमध्ये अशी वेळ जागतिक प्रमाणवेळेनुसार साठविली जाते. आपली वेळ तिच्यापेक्षा साडेपाच तास पुढे आहे. आपण १२ तारखेला पहाटे पाच वाजता फवारणी केली, तर त्या वेळी जागतिक घड्याळात ११ तारखेचे रात्रीचे साडेअकरा झालेले असतात. वाचताना रूपांतर केले नाही तर तारीख एक दिवस मागे जाते. म्हणून फवारणीची तारीख वर सांगितल्याप्रमाणे वेगळ्या रकान्यात लिहावी. नोंद कधी पोहोचली ती वेळ मात्र क्लाऊडच्या घड्याळानेच घालावी, फोनच्या नव्हे. त्यामुळे फवारणी कधी झाली आणि नोंद कधी केली, या दोन्ही गोष्टी वेगवेगळ्या दिसतात. त्याच दिवशी केलेल्या नोंदीवर तपासणाऱ्याचा विश्वास अधिक बसतो, हे सांगावयास नको.

अंकांच्या बाबतीतही असेच आहे. मराठी कळफलकावरून टाईप केलेले अंक सर्व भाषा सारखे वाचीत नाहीत. पायथॉनमध्ये मराठी अंकांची संख्या होते. जावास्क्रिप्टमध्ये होत नाही. म्हणून प्रोग्रॅमने दोन्ही प्रकारचे अंक स्वीकारावेत, त्यांची संख्या करावी आणि संख्या म्हणूनच साठवावी. मात्रा अक्षरांच्या रूपात साठविली तर बेरीज करताना घोटाळा होतो.

कुलूप आणि किल्ली

नवा डेटाबेस सुरू करताना चाचणीसाठीचे नियम निवडण्याची सोय असते. त्या नियमांत ३० दिवस कोणालाही आपली माहिती वाचता आणि बदलता येते. चाचणी संपली की लगेच स्वतःचे नियम लिहावेत. फायरस्टोअरच्या नियमांत नवी नोंद करणे, नोंद बदलणे आणि नोंद काढणे यांची परवानगी वेगवेगळी देता येते. फवारणीच्या कप्प्यासाठी माझी शिफारस अशी आहे की, घरच्या माणसांना नोंद वाचण्याची व नवी नोंद करण्याची परवानगी द्यावी. बदलण्याची आणि काढण्याची कोणालाही देऊ नये, स्वतःलाही नाही. हा नियम माझ्याकडे त्या वर्षी असता तर दुसऱ्याच फवारणीला प्रोग्रॅम अडला असता आणि चूक त्याच दिवशी कळली असती.

मग चूक झाली तर दुरुस्त कशी करावयाची? जशी चोपडीत करतो तशी. जुनी ओळ खोडून दिसेनाशी करीत नाहीत. खाली नवी ओळ लिहितात. येथेही दुरुस्तीची नवी नोंद करावी, तीत चुकलेल्या नोंदीचा ओळख क्रमांक लिहावा आणि कारण लिहावे. हिशेब करताना प्रोग्रॅमने दुरुस्त नोंद धरावी, पण जुनीही दाखवावी.

डेटाबेस कोणत्या ठिकाणी ठेवावयाचा हे सुरुवातीसच विचारले जाते. मुंबई हे ठिकाण उपलब्ध आहे. एकदा निवडलेले ठिकाण नंतर बदलता येत नाही, म्हणून विचार करूनच निवडावे. खर्चाविषयी बोलायचे तर या सेवेच्या विनामूल्य मर्यादेत दिवसाला २० हजार नोंदी लिहिता येतात. एका बागेच्या संपूर्ण हंगामाच्या फवारण्या काही शे नोंदींत बसतात.

वही बंद करू नये

बंधू-भगिनींनो, हे सर्व सांगून झाल्यावरही मी तुम्हाला वही बंद करा असे सांगणार नाही. दर महिन्याला क्लाऊडवरील सर्व नोंदी उतरवून त्यांची छापील प्रत फाईलला लावावी आणि वहीशी ताडून पाहावी. पंधरा मिनिटांचे काम आहे. मी ते नोव्हेंबरमध्ये एकदा जरी केले असते तरी तीन नोंदी पाहून तेव्हाच जागा झालो असतो.

आणखी एक गोष्ट. क्लाऊडला तुम्ही जे सांगाल तेवढेच ठाऊक असते. शेजाऱ्याच्या फवाऱ्याचा तुषार आपल्या कडेच्या ओळींवर आला, मजुराने आधीच्या औषधाची टाकी न धुता वापरली, दुकानदाराने दिलेल्या बाटलीवर घटकाचे नावच नव्हते, या गोष्टी कोणताही प्रोग्रॅम शोधून काढू शकत नाही. त्या नोंदीत लिहिण्यासाठी "शेरा" असा एक रकाना ठेवावा आणि तो प्रामाणिकपणे भरावा. गैरसोयीची नोंद टाळण्याचा मोह होतो. पण प्रयोगशाळेतील यंत्र आपली नोंद वाचत नाही, ते द्राक्ष तपासते. नोंद खरी असेल तर अंश कोठून आला ते आपल्याला शोधता येते आणि पुढील हंगामात टाळता येते.

येत्या छाटणीपासून सर्व प्लॉटवर एकदम सुरुवात करू नये. एकच प्लॉट घ्यावा. पहिल्या तीन फवारण्या झाल्या की नोंदी मोजाव्यात. तीन फवारण्यांच्या तीन नोंदी वेगवेगळ्या दिसल्या, तारखा क्रमाने लागल्या आणि वहीशी जुळल्या, की मगच पुढचा प्लॉट घ्यावा. मुलाने किंवा मुलीने प्रोग्रॅम करावा आणि वही सांभाळणाऱ्या वडीलधाऱ्यांनी तो तपासावा. आमच्या घरी आता तसेच चालते. महिनाअखेरीस मी छापील प्रत वाचतो आणि वडील वहीवर बोट ठेवून "पुढची सांग" म्हणतात.